गल्लीची रुंदी

लाल रंगाचा डबा जमिनीवर ठेवून तारामती वाकली. रॅम्पच्या कडेला ती ब्रश टेकवणार, तोच दारातून सरुबाईचा आवाज आला.

"हितं बी लावायलीस का गं?"

तारामतीनं मान वर केली नाही. "सगळ्यांनाच लावायलोत, मामी."

"सगळे येगळे आन् आमी येगळे. ह्यांना पाय न्हाई, ठाव न्हाई का तुला?"

तारामतीला ठाऊक होतं. सरुबाईच्या नवऱ्याचा, तातेरावांचा पाय साखरेच्या आजारात गुडघ्याच्या वरून कापला, त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सरुबाईचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. तिनं रेघ ओढली. रंग सिमेंटवरून खाली ओघळला. मागे तिच्या ऑफिसातले साहेब, यादगिरी सार, उभे होते. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि ते पुढच्या घराकडे गेले. दार आपटल्याचा आवाज आला, तेव्हा तारामती डबा उचलत होती.

ही हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या बाजारामागची गल्ली. एका वर्षी नाल्याचं पाणी घराघरात कंबरेएवढं चढलं, तेव्हापासून लोकांनी घरांची जोती उंच करायला सुरुवात केली. जोती उंच झाली तशा पायऱ्या लांबल्या आणि रस्त्यावर उतरल्या. कुणाच्या तीन, कुणाच्या पाच. तातेरावांच्या दाराला पायऱ्या चालणार नव्हत्या. त्यांची व्हीलचेअर उतरावी म्हणून भिंतीला लागून लांब उतार बांधला होता. तोही सगळा महापालिकेच्या रस्त्यावरच होता. कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

मग उन्हाळ्यात आग लागली.

गल्लीच्या टोकाला चार मजली इमारत होती. कागदावर ती राहण्याची होती. तळमजल्यावर गाड्या लावायची जागा होती, पण बेगम बाजारच्या एका व्यापाऱ्यानं ती भाड्यानं घेऊन तिथं प्लॅस्टिकची फुलं आणि तोरणं भरून ठेवली होती. भर दुपारी ती पेटली. काळा धूर जिन्यातून वर चढला. सगळ्यात वरच्या मजल्यावर किशोर झोपला होता. तो एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी करायचा, म्हणून दुपारी गाढ झोपेत असायचा. त्याची बायको त्रिवेणी जामबागेतल्या एका शाळेत कामाला गेली होती. फायरची गाडी गल्लीत शिरली आणि अर्ध्यावर अडकली. माणसं तिथून पाइप ओढत धावली. किशोरला खाली आणलं तेव्हा त्याच्या अंगावर कुठं भाजल्याची खूण नव्हती. नुसता धूर छातीत जाऊन जीव गेला होता.

व्यापाऱ्याला पकडलं, इमारतीला सील ठोकलं. आणि काही दिवसांनी गल्ली मोकळी करण्याचा हुकूम निघाला. रस्त्यावर आलेलं जे जे पाडायचं, त्यावर लाल रेघ.

तारामती महापालिकेच्या सर्कल ऑफिसात चेनमन होती. जमीन मोजायची साखळी धरणारा तो चेनमन. साखळी जाऊन टेप आली तरी नाव तेच राहिलं, आणि बाई आली तरीही. ती तिच्या नवऱ्याची जागा होती. तो गेला तेव्हा ऑफिसातल्या माणसानं तिला झाडूवालीची जागा देऊ केली होती. चेनमनला बाप्या माणूस लागतो, म्हणाला. तातेराव तेव्हा सिटी बसवर कंडक्टर होते. बिलोली तालुक्यातून ज्यांच्यासोबत तिचा नवरा हैदराबादला आला, ते हेच. खाकी कपड्यांतच ते तिच्याबरोबर आले होते आणि टेबलावर हात ठेवून म्हणाले होते, "साब, टेप का कोना पकडने को मूंछां होना क्या?" सगळं ऑफिस हसलं होतं. जागा मिळाली होती. त्या जागेवर तिनं दोन मुलींची लग्नं केली.

संध्याकाळी सरुबाई तिच्या घरी आली. पुढच्या गल्लीत दोन खोल्या, दार उघडंच असायचं. सरुबाई उंबऱ्यातच बसली.

"आत या की मामी."

"आत यायला आले न्हाई. तुज्या सायबाला सांग. आमचा तेवडा ऱ्हाऊ द्या म्हणावं."

"सांगून बघते."

"आन् आणखी एक." सरुबाईनं पदर तोंडाशी धरला. "गाडी कुठं अडकली ते ह्यांना कळू देऊ नको. त्या दुपारी हे दवाखान्यात होते. गल्लीच्या तोंडाशी अडकली असंच सांगितलंय मी त्यांना. सगळ्यांना हात जोडून सांगितलंय."

आग विझल्यावर दुसऱ्या दिवशी सारांसोबत टेप धरून तारामतीनंच ती जागा मोजली होती. गाडीचं पुढचं चाक तातेरावांच्या रॅम्पला घासलं होतं. ड्रायव्हरनं गाडी मागं घेऊन वळवायचा प्रयत्न केला, तर मागची बाजू समोरच्या नरसिम्लूच्या दुकानाच्या पायरीला लागली. तिथंच गाडी थांबली होती.

"त्यो पोरगा रोज सकाळी ड्युटीवरून यायचा," सरुबाई म्हणाली, "आन् ह्यांना खाली उतरवून चौकात चहाला न्यायचा. आपल्याच रॅम्पमुळं गाडी थांबली हे कळलं तर हे अन्न सोडतील गं."

"मी कशाला सांगू, मामी."

सरुबाई उठली. जाताना तिनं तारामतीच्या गालावरून हात फिरवला, पूर्वी फिरवायची तसा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात यादगिरी सारांनीच विषय काढला. त्यांनी तारामतीला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"तारम्मा, वो रॅम्पवाले चाचा तुम्हारे रिश्तेदार हैं क्या?"

"रिश्तेदारच समझो सार."

सारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नियम तो साफ है. रॅम्प हो या सीढ़ी, अपनी हद के अंदर बनाना. रस्ते पे नहीं. मगर एक पांव नहीं उनको. मैं उधर हाथ नहीं लगातूं. ऊपर से पूछे तो मेडिकल केस लिख देतूं."

"और गाडी, सार?"

"सामने का दुकानवाले का पूरा निकल जाता. शायद चली जाती."

ती जागा दोघांनी मिळून मोजली होती; ते 'शायद' किती पोकळ आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. यादगिरी सारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि दुसरी फाइल उघडली. तारामती बाहेर आली. जीव हलका झाला होता, आणि तो हलका झाल्याचं तिला बरं वाटत नव्हतं. नळावर तिनं तोंडावर पाणी मारलं आणि कितीतरी वेळ ती तिथंच उभी राहिली.

पाडापाडीच्या दिवशी गल्लीत सकाळपासून धूळ होती. सिमेंट फोडायच्या ब्रेकरचा आवाज भिंतींत घुमत होता. लोक आपापल्या दारात उभे राहून स्वतःच्या पायऱ्या फुटताना बघत होते. एका म्हातारीनं पायरीवरची तुळशीची कुंडी आधीच आत नेऊन ठेवली होती. तातेराव रॅम्पच्या वरच्या टोकाला व्हीलचेअरमध्ये बसले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. ऑफिसची माणसं येणार म्हणून सरुबाईनंच घातलेला.

"काय तारा, पानी पिलीस का?" त्यांनी वरूनच विचारलं. "उन्हाचं जरा सावलीत थांबत जा."

तिनं मान हलवली.

नरसिम्लूच्या किराणा दुकानाच्या पायऱ्या फुटल्या. तो दुकानाच्या दारात उभा होता. सारांसोबतची माणसं ब्रेकर उचलून तातेरावांचा रॅम्प ओलांडून पुढे निघाली, तसा तो रस्त्याच्या मध्ये आला.

"ये क्या है सार? हमारा तोड़े, इनका छोड़ रहे?"

"मेडिकल है," यादगिरी सार म्हणाले. "तुम चुप रहो."

"कायकू चुप रहना? फायर की गाड़ी इनके रॅम्प पेच रुकी थी! पहले इधर लगी, फिर मेरे इधर लगी. पूरी गल्ली को मालूम है. वो किशोर—"

तो मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्याच ध्यानात आलं. त्यानं हात खाली सोडले.

ब्रेकरही थांबला होता. कुणीतरी खोकललं. तातेरावांनी आधी नरसिम्लूकडे बघितलं, मग गल्लीच्या टोकाच्या काळवंडलेल्या इमारतीकडे, आणि मग तारामतीकडे.

"तारा, खरं बोलतो का ह्यो?"

सरुबाई चौकट धरून उभी होती. तिचे डोळे तारामतीवर खिळले होते. कालपरवाच त्या हातानं गाल कुरवाळला होता. तारामतीच्या हातात टेपची डबी होती. ती तिनं घट्ट धरली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण हा माणूस तिला आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता.

"हो मामा," ती म्हणाली. "हितंच थांबली होती. पुढचं चाक तुमच्या रॅम्पला लागलं. मागं घेताना ह्यांच्या पायरीला अडली."

"मंग?"

"मंग माणसं पाइप घेऊन पळत गेली."

मांडीवर ठेवलेला हात तातेरावांनी खुर्चीच्या चाकावर नेला, पुन्हा मांडीवर आणला.

"सायबाला बोलीव."

यादगिरी सार जवळ आले. "चाचा, आपका छोड़ रहे हम."

"नक्को छोड़ो सार. निकालो."

"आप बाहर कैसा आते फिर?"

"वो मेरे पे छोड़ो."

सरुबाई धावत खाली आली आणि उतारावर मधोमध बसली. केस सुटले होते. "आधी मला तोडा! घरात कोंडून घालायलात का माणसाला? तारे, तुजं बरं होणार न्हाई!"

"सरू, ऊठ."

"न्हाई उठणार."

"सरू," तातेरावांचा आवाज उतरला. "रातभर जागून यायचा त्यो. डोळे लाल झालेले असायचे. घरला जायच्या आधी मला न्यायचा. एक दिवस म्हणला न्हाई की मामा, आज थकलोय." त्यांनी तोंड फिरवलं.

सरुबाई बसून राहिली. मग भिंतीचा आधार घेत उठली आणि कुणाकडेही न बघता आत निघून गेली.

तातेरावांनी स्वतःला खाली आणायला सांगितलं. तारामतीनं खुर्ची मागून धरून उतारावरून सावकाश खाली घेतली आणि समोरच्या बाजूला लावली. तिथं बसून त्यांनी सगळं बघितलं. सिमेंट पक्कं होतं, लवकर फुटेना. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर, भुवयांवर पांढरी धूळ बसली होती. दार आता रस्त्यापासून छातीएवढं उंच दिसत होतं. नरसिम्लू आला. त्यानं खुर्चीची एक बाजू धरली. दुसरी बाजू ब्रेकरवाल्या माणसानं धरली, मागून आणखी दोघं आले. असं उचलून त्यांना घरात ठेवलं.

त्यानंतर ते बाहेर आले नाहीत.

नरसिम्लू दुकान बंद करण्याआधी दाराखाली उभा राहून हाक मारायचा, "चाचा, चलो, उठातूं मैं." आतून उत्तर यायचं, "नक्को बेटा." सरुबाईनं दाराला लोखंडी शिडी लावून घेतली होती. ती आल्यागेल्यावर शिडी आत ओढून घ्यायची. सारांनी एकदा तारामतीजवळ निरोप दिला होता की रॅम्प घराच्या आत घेतला तर चालतो, परवानगी मी बघतो. तो निरोप तिनं शिडीखाली उभं राहून सांगितला. सरुबाईनं ऐकून घेतलं आणि शिडी आत ओढली. पुढची खोली एवढीशी. आत रॅम्प घ्यायचा म्हणजे खोलीच घालवायची, आणि तारामतीशी तर बोलायचंच नाही, असं तिनं ठरवलं असावं.

तारामती तरी रविवारी जायची. शिडी बाहेर असली तर चढून आत जायची. सरुबाई उठून चुलीकडे जायची, भांडी वाजवायची. तातेराव भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. दाढी वाढली होती. बोलायचे, पण विचारलं तेवढंच. चौकात चहावाल्यानं विचारलं होतं, असं ती सांगायची. "हां," म्हणायचे.

दसरा झाल्यावर इमारतीचं सील निघालं. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना सामान न्यायला परवानगी मिळाली. त्रिवेणी तिच्या भावाकडून आली. तारामती तिच्या मदतीला गेली. भांड्यांची दोन पोती, एक शिलाई मशीन, किशोरचे बूट. बूट त्रिवेणीनं आधी तिथंच ठेवले, जिना अर्धा उतरल्यावर परत जाऊन घेऊन आली. रिक्षात सामान भरल्यावर ती म्हणाली, "ताई, मामांना भेटून येते."

तारामती तिच्या मागोमाग शिडी चढली.

तातेरावांनी त्रिवेणीला बघितलं आणि ते सदऱ्याची बटणं लावायला लागले. त्रिवेणी जमिनीवर बसली. सरुबाईनं पाण्याचा तांब्या आणला आणि तीही भिंतीला टेकून बसली.

"बाहेर येत नाही म्हणून ऐकलं," त्रिवेणी म्हणाली.

"कुटं जायाचं आता." थोडं थांबून ते म्हणाले, "त्रिवेणी, गाडी माज्या रॅम्पला—"

"मला माहीत आहे, मामा. त्याच दिवशी सांगितलं कुणीतरी."

"आन् तू कदी बोलली न्हाईस."

"काय बोलणार होते?"

ती पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवून त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. पुढं बोलली तेव्हा आवाज रोजच्यासारखाच होता.

"ते तुम्हाला चौकात न्यायचे ना, ते मला आवडायचं नाही. मी भांडायची. रात्रभर जागून आलात, आधी झोपा म्हणायची. तर म्हणायचे, मामांना चहावाल्यापाशी बसवून आलो की झोप चांगली लागते मला."

एवढं बोलून ती उठली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि तुमची चूक नव्हती असंही म्हणाली नाही. जाताना तातेरावांच्या पायाशी वाकली, आणि तिथं एकच पाय आहे हे आठवून क्षणभर तिचा हात हवेत थांबला. मग तिनं तो त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ती गेल्यावर तातेराव रडले. तारामतीनं त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. ती शिडीवरून उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तारामती ऑफिसचा जेवणाचा डबा भरत होती तेव्हा दारात सरुबाई उभी होती. पाडापाडीनंतर ती पहिल्यांदाच आली होती.

"टेप हाय का घरी?"

"आहे."

"घेऊन चल."

सरुबाईची पुढची खोली म्हणजे घरातली एकुलती एक नीट खोली. खाट, टीव्ही, काचेचं कपाट, आणि भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तारामतीनं दाराशी टेपचं एक टोक सरुबाईच्या हातात दिलं आणि मागं मागं सरकत गेली.

"कुठवर येईल?" सरुबाईनं विचारलं.

"उतार सोपा पायजे मामी, न्हाईतर खुर्ची घसरते." ती भिंतीला टेकली. "सगळी खोली जाईल. खाट राहणार न्हाई."

"मंग खाट काडू."

"दार खाली रस्त्याला टेकवावं लागंल. नाल्याचं पाणी आलं तर आधी तुमच्याच घरात शिरंल."

सरुबाईनं टेप सोडली नव्हती. तातेराव आतल्या खोलीतून बघत होते. "कशाला सरू," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे. मला न्हाई जायाचं कुटं."

"तुमाला कोन विचारतंय," सरुबाई म्हणाली. "पानी येईल तवा बगू. तारे, लिवून घे किती झालं ते."

गवंड्यानं जोतं कापलं. खोलीतली भर उपसून पोत्यांतून बाहेर काढावी लागली. ती नरसिम्लूनं वाहिली. फोटो स्वयंपाकघरात गेले, खाट विकली. सरुबाई आता चुलीशेजारी सतरंजी टाकून झोपायची. यादगिरी सार एकदा येऊन बघून गेले. दाराशी उभे राहून त्यांनी घराच्या पोटातून खाली येणारा तो उतार बघितला, आणि जाताना सरुबाईला वाकून नमस्कार केला. ती त्यांच्याशी बोलली नाही. तारामतीला मात्र तिनं त्या दिवशी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सिमेंट वाळलं. थंडीची एक सकाळ होती. तातेरावांनी दाढी केली आणि कुणालाही हाक न मारता चाकांवर हात ठेवले. तारामती ऑफिसला निघाली होती. ती कोपऱ्यावर थांबली. खुर्ची घरातून उतरत उतरत थेट रस्त्यावर आली. ते डावीकडे, चहाच्या चौकाकडे वळतील असं तिला वाटलं. ते उजवीकडे वळले.

इमारतीला नवा रंग लागत होता. फाटकाशी नवा वॉचमन होता.

"किसको मिलना है चाचा?"

"किसी को नहीं. थोड़ा बैठतूं."

वॉचमननं स्टूल बाजूला सरकवून जागा केली. तातेराव तिथं बसले, वरच्या मजल्याच्या बंद खिडकीकडे बघत. ऊन भिंतीवरून उतरत उतरत त्यांच्या मांडीपर्यंत आलं. मग त्यांनी खुर्ची फिरवली आणि ते परत निघाले. येताना चढ होता. चाकाच्या दर दोन फेऱ्यांनंतर ते थांबत होते. तारामतीचं पाऊल पुढं पडलं, पण ती थांबली.

मागून दोन स्कूटर आल्या, त्यांच्यामागे पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो. बाजूनं जायला भरपूर जागा होती. तरी कुणी पुढं गेलं नाही, कुणी हॉर्न वाजवला नाही. म्हाताऱ्याच्या गतीनं सगळे मागून सावकाश येत राहिले.